विमानाचा तोल आणि गटाची वही

मागच्या महिन्यात आम्ही आमच्या शिवणकाम गटाची माहिती सांगितली, तेव्हा बोलता बोलता विमानाचा उल्लेख आला होता. त्यावर इतके फोन आले की कटोरी ब्लाउजबद्दल विचारणारं कुणी उरलंच नाही. "बचत गटाने विमानासाठी कर्ज दिलं म्हणजे नेमकं काय केलं?" हा प्रश्न तर चार गावांतून आला. म्हणून आज तेवढंच सांगतो. हे विमान काय असतं, ते कसं बांधतात, त्याचा तोल कसा बसवतात, आणि आम्ही शिवणकामवाल्या बाया त्यात कुठून आलो.

आधी हे सांगून टाकू की यात माणूस बसत नाही. हे खऱ्या विमानाचं लहान रूप. एक माणूस जमिनीवर उभा राहून हातातल्या रिमोटने ते उडवतो. आपलं रेडिओ केंद्र जसं हवेतून आवाज पाठवतं, तसा तो रिमोट हवेतून हुकूम पाठवतो. आपलं केंद्र मेगाहर्ट्झमध्ये बोलतं, तो २.४ गिगाहर्ट्झवर बोलतो. विमानाच्या पोटात एक छोटा रिसिव्हर असतो, तो हुकूम ऐकतो आणि काडेपेटीएवढ्या मोटरींना कामाला लावतो. या मोटरींना सर्व्हो म्हणतात. त्या तारेने पंखाच्या आणि शेपटीच्या पट्ट्या वर-खाली करतात. पट्टी हलली की विमान वळतं, चढतं, उतरतं.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात शिकते आणि एनसीसीच्या हवाई विभागात आहे. तिथे अशी विमानं बनवणं हा शिकवण्याचाच भाग असतो. दोन वर्षं ती साधी विमानं उडवत होती. वर पंख असलेली, सुटली तरी आपोआप सरळ होणारी. तिसऱ्या वर्षी तिने ठरवलं, लढाऊ विमानाचा नमुना बांधायचा. कॉलेजकडून रिमोट आणि चार्जर मिळणार होता, बाकी सामान स्वतः आणायचं. आईने गटाकडे नऊ हजारांचं कर्ज मागितलं.

त्या दिवशीची बैठक लांबली. एक काकू म्हणाल्या, "अगं, शेळीला कर्ज दिलं तर करडं तरी होतात. विमान काय व्यायचं आहे?" सगळ्या हसल्या, पण काकूंचं बोलणं खोटं नव्हतं. दुसरी म्हणाली, मुलीच्या आजोबांनी आधीच सांगितलंय की हे वर्ष संपलं की स्थळ बघायचं, मग हे खेळणं कशाला? तिसरीने विचारलं की लढाईचंच विमान का, शांततेचं का नाही? हा प्रश्न आम्हाला बरोबर वाटला. मुलीने उत्तर दिलं ते असं, की लढाई चांगली म्हणून नाही, पण हे विमान सोपं नाही म्हणून. सोपं विमान तुमच्या चुका झाकतं. हे एकही झाकत नाही.

कर्ज मंजूर झालं, नेहमीच्याच व्याजाने. अट एकच घातली. मुलीने दिवाळीपर्यंत गटात फॉल-पिकोचं काम करायचं आणि हप्ते त्यातून फेडायचे. ठराव वहीत लिहिताना कारणाच्या रकान्यात काय लिहायचं यावर पुन्हा दहा मिनिटं गेली. शेवटी "शैक्षणिक साहित्य" असं लिहिलं.

विमान होतं स्पिटफायर. हे ब्रिटनचं. आर. जे. मिचेल यांनी त्याची रचना केली आणि ५ मार्च १९३६ रोजी ते पहिल्यांदा उडालं. पुढे अशी वीस हजारांहून जास्त विमानं बनली. आपल्या हवाई दलानेही ती दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर आणि पुन्हा १९४७ मध्ये काश्मीरमध्ये वापरली. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आजही स्पिटफायर बघायला मिळतं.

मुलीने हे सांगितलं तेव्हा आम्ही माना डोलावल्या. पण पुढचं ऐकलं तेव्हा हातातली सुई थांबली. १९४० च्या सप्टेंबरमध्ये साउथहॅम्प्टन शहरातल्या या विमानाच्या कारखान्यावर बॉम्ब पडले. मग सरकारने काम एका जागी ठेवलंच नाही. आसपासच्या गावांतली गॅरेज, बसचे डेपो, अगदी कपडे धुण्याची लॉन्ड्री, अशा जागा घेऊन तिथे विमानाचे सुटे भाग बनवायला सुरुवात केली. आणि हे काम करणाऱ्यांत कितीतरी बाया होत्या. तरुण मुली होत्या. त्याआधी त्यांतल्या बहुतेकींनी विमानाला हातही लावलेला नव्हता. पंख एका गावात, शेपूट दुसऱ्या गावात, आणि जोडणी तिसरीकडे. म्हणजे आपण बाह्या एकीकडे, कॉलर दुसरीकडे शिवून घेतो तसंच. माप चुकलं तर जोडणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही.

तयार विमानं कारखान्यातून सैन्याच्या तळावर न्यायला वैमानिक लागत. त्या कामावरही बाया होत्या. आज स्पिटफायर, उद्या भलंमोठं बॉम्बफेकी विमान, परवा तिसरंच. प्रत्येकाचं शिक्षण घ्यायला वेळ कुठला? त्यांच्याजवळ रिंगची एक छोटी वही असे. प्रत्येक विमानाला एक कार्ड, त्यावर कामापुरत्या गोष्टी. ते वाचून उडायचं. १९४३ पासून त्यांना पुरुष वैमानिकांइतकाच पगार मिळू लागला. आपल्याकडे आजही खुरपणीला बाईची मजुरी कमी का, हे आम्ही इथे विचारत नाही, कारण तो वेगळ्या कार्यक्रमाचा विषय आहे. पण मनात आलं ते सांगितलं.

आता बांधणीकडे येऊ.

आमचं विमान मूळ विमानाच्या आठव्या हिश्शाचं. मूळ पंख टोकापासून टोकापर्यंत ११.२३ मीटर, आमचे १ मीटर ४० सेंटीमीटर. स्पिटफायरचा पंख लंबगोल असतो, टोकाला निमुळता, जांभळाच्या पानासारखा. दिसायला सुंदर, बांधायला डोकेदुखी. पंखाच्या आत बरगड्या असतात आणि या आकारामुळे प्रत्येक बरगडी आधीच्या बरगडीपेक्षा थोडी लहान. इथे आम्ही कामाला आलो. ३६ मापाच्या ब्लाउजवरून ३४ आणि ३२ चे कागद कसे काढायचे हे आम्हाला कुणी शिकवायला नको. मुळाची आणि टोकाची बरगडी काढली, मधल्या सगळ्या त्यांच्यामध्ये बसवल्या. नवशिके इथे दोन्ही पंख डावेच बांधून बसतात म्हणे. दोन डाव्या बाह्या कापलेली बाई आमच्याही गटात आहे, नाव घेत नाही.

बरगड्या बाल्सा लाकडाच्या. हे लाकूड दक्षिण अमेरिकेतलं, हातात घेतलं तर वजन जाणवतच नाही. कटरने कापलं जातं. पंखाच्या आत एक लांब आडदांडा जातो, घराच्या आढ्यासारखा, त्यावर सगळा भार. मग सांगाड्यावर चिकटणारी पातळ फिल्म इस्त्रीने बसवायची. कडा कमी गरम इस्त्रीने चिकटवायच्या, नंतर थोडी जास्त उष्णता दिली की फिल्म आकसते आणि ढोलकीच्या पुडीसारखी ताणली जाते. एका बाजूला जास्त इस्त्री फिरली की पंखाला पीळ पडतो. पंखावर इस्त्री फिरवायला कॉलेजातल्या कुणा मुलाला दिली असती तर काय झालं असतं, याची आम्हाला कल्पना आहे.

पण थोडा पीळ मुद्दाम द्यायचा असतो. हे नीट ऐका, कारण पुढे याचंच काम पडणार आहे. विमान फार हळू झालं की पंखाला हवेचा आधार सुटतो. आधार एकदम टोकाला सुटला तर ते टोक खाली पडतं आणि विमान गरगरत खाली येतं. निमुळत्या टोकाच्या पंखाला ही भीती जास्त. म्हणून टोकाची मागची कड मुळापेक्षा किंचित वर ठेवतात. म्हणजे आधार आधी मुळाशी सुटतो, टोक शेवटपर्यंत धरून राहतं. मूळ स्पिटफायरमध्येही पंख मुळाशी २ अंश वर आणि टोकाशी अर्धा अंश खाली, असा पिळलेला होता. आम्ही टोकाखाली पट्टी ठेवून दोन्ही पंखांना सारखा पीळ दिला आणि तसाच फिल्मने बांधून टाकला.

मग तोल. सगळं विमान यावर चालतं.

नकाशावर पंखाच्या मुळाशी, पुढच्या कडेपासून ८० मिलिमीटरवर खूण होती. तिथे दोन बोटांवर उचललं तर विमान आडवं राहिलं पाहिजे, तराजूच्या दांडीसारखं. स्पिटफायरचा पंख खाली असतो, म्हणून ते उलटं धरून तोलायचं. नाक जड झालं तर विमान मठ्ठ बैलासारखं चालतं, पण घरी येतं. शेपूट जड झालं तर ते हाताबाहेर जातं, अंगावरच्या वाऱ्यावर उड्या मारतं, आणि पहिल्याच फेरीत मोडतं. पहिल्या उड्डाणाला नाक किंचित जड ठेवायचं, हे त्यामुळेच.

आणि शेपूट नाकापेक्षा तोलाच्या खुणेपासून लांब असते. आमच्या विमानात शेपटीत १० ग्रॅम वाढले की नाकात वीस-पंचवीस ग्रॅम भरावे लागत. १० ग्रॅम म्हणजे काय? गोंदाचे दोन जास्तीचे थर आणि रंगाचा एक हात. म्हणून शेपटीचं काम करताना मुलीच्या शेजारी मसाल्याचा वजनकाटा असायचा. एका ताईने शेपटीवर छान नक्षी काढायची तयारी केली होती. काट्यावर रंगाची डबी ठेवून तिला आकडा दाखवला, तेव्हा नक्षी राहिली.

बॅटरी जड असते, म्हणून तोल बसवायचं मुख्य वजन तीच. पुढे-मागे सरकवून तोल आणायचा, शिसं शेवटी. या बॅटरीबद्दल एक सांगणं आहे. लिथियमची बॅटरी चार्जिंगला लावून शेतावर जायचं नाही. फुगलेली वापरायची नाही. मांडणीत, गोधड्यांजवळ ठेवायची नाही. आग लागली तर ती फार वेगाने वाढते. आणि बॅटरी जोडली की प्रोपेलरच्या पुढे बोटं न्यायची नाहीत, मोटर बंद दिसत असली तरी नाही. पोरंसोरं मागेच उभी करायची.

पहिल्या उड्डाणाला आम्ही सात जणी गेलो. मैदान कॉलेजने परवानगी घेतलेलं. आकाश रिकामं दिसतं म्हणून कुठेही उडवता येत नाही, सरकारी नकाशावर हिरवे, पिवळे, लाल भाग असतात आणि विमानतळाच्या आसपास बंदी असते. मुलीचे आजोबाही आले होते. बोलले काही नाहीत, झाडाखाली बसले.

रिमोट प्रशिक्षकांच्या नाही, मुलीच्या हातात. नऊ हजार आणि तीन महिन्यांचं काम. धावताना विमान डावीकडे ओढलं जातं. प्रोपेलर एका दिशेने फिरतो, त्याचा उलटा जोर विमानाला लागतो. खऱ्या स्पिटफायरचंही हेच होतं. गंमत म्हणजे नंतरच्या स्पिटफायरला ग्रिफन नावाचं इंजिन लावलं, त्याचा पंखा उलटा फिरायचा, आणि सवयीने डावा-उजवा पाय दाबणाऱ्या वैमानिकांची फजिती व्हायची. मुलीने रडर किंचित उजवीकडे धरला, शेपूट उचलली, आणि विमान सुटलं.

सुटलं ते नाक वर करतच. वर एका उंचीवर नेऊन तिने रिमोटवरची ट्रिमची बटणं दाबली, पाच-सहा टिचक्या खाली, दोन उजवीकडे. ट्रिम म्हणजे काय ते शिलाई मशीनवाल्या बायांना लगेच कळेल. वरच्या धाग्याचा ताण बसत नसला तर आपण गोल चकती पाव फेरा फिरवतो, चिंधीवर टीप मारून बघतो, पुन्हा पाव फेरा. खालचा बॉबीन आणि वरचा ताण एकाच वेळी फिरवला तर काय बिघडलं होतं तेच कळत नाही. इथेही तसंच. एका उड्डाणात एकच बदल. आणि प्रत्येक बदल वहीत. मुलीने गटाच्या जुन्या वहीची मागची पानं त्यासाठी घेतली होती, म्हणून एका बाजूला हप्ते आणि दुसऱ्या बाजूला विमान असं ते दिसतं.

उतरल्यावर ट्रिमने जेवढी पट्टी हलली होती तेवढी तारेचा दांडा फिरवून पट्टीच तिथे आणली आणि ट्रिम पुन्हा मधोमध केली. दुसऱ्या उड्डाणात चाचणी. वर नेऊन नाक थोडं खाली केलं आणि दांड्या सोडून दिल्या. तोल बरोबर असेल तर विमान त्याच वाटेने जात राहतं किंवा अगदी सावकाश नाक उचलतं. आमचं झटकन वर आलं. म्हणजे नाक अजून जड. नाक जड असलं की ट्रिम वर धरावी लागते, आणि वेग वाढला की तीच ट्रिम नाक उचलते. ट्रिम न लागता विमान आणखी खाली वळत गेलं असतं तर शेपूट जड समजायचं. बॅटरी ६ मिलिमीटर मागे सरकवली. तिसऱ्या उड्डाणात चाचणी बरोबर आली.

तरी एक राहिलं. वेग दिला की विमान चढतं, वेग काढला की नाही. तोल बरोबर असून असं होत असेल तर मोटरचं तोंड बघायचं. ते किंचित खाली आणि किंचित उजवीकडे असावं लागतं, एक-दोन अंश. मोटरच्या वरच्या दोन स्क्रूंच्या मागे एकेक वॉशर घातला, तोंड खाली आलं.

वॉशरवरून आठवलं. स्पिटफायरच्या इंजिनाला सुरुवातीला एक खोड होती. वैमानिकाने एकदम नाक खाली घातलं की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उसळायचं आणि इंजिन गचके द्यायचं, कधी बंद पडायचं. शत्रूच्या विमानाला ती अडचण नव्हती, त्यामुळे तो खाली सूर मारून निसटायचा. यावर तोड काढली बिअट्रिस शिलिंग या इंजिनियर बाईने. फार्नबरोच्या सरकारी विमान संस्थेत त्या कामाला होत्या, मोटरसायकलच्या शर्यतीतही ताशी १०० मैलांच्या वर गेलेल्या. त्यांनी पेट्रोलच्या वाटेत भोक असलेला पितळेचा एक छोटा तुकडा बसवला. इंजिनाला लागेल तेवढंच पेट्रोल जाईल, जास्त नाही. १९४१ च्या सुरुवातीला त्यांनी आपल्या माणसांसह तळातळावर जाऊन तो बसवून दिला, विमानं कारखान्यात परत न पाठवता. खोड पूर्ण गेली नाही, त्यासाठी नंतर नवा कार्ब्युरेटर आला. पण तोवर वैमानिकांचा जीव त्या पितळेवर होता.

चौथ्या उड्डाणात आम्ही सगळ्या उठून उभ्या राहिलो. उंचावर वेग काढून नाक हळूहळू वर धरायचं आणि आधार सुटतो तेव्हा काय होतं ते बघायचं, ही शेवटची चाचणी. डावं टोक पडलं आणि विमान त्याच कुशीवर खाली आलं. मुलीने दांडी मध्ये सोडली, वेग दिला, पडझडीतून बाहेर काढलं आणि नेहमीपेक्षा वेगात उतरवलं. उतरल्यावर पट्टीने मोजलं. डाव्या टोकाचा पीळ उजव्यापेक्षा ३ मिलिमीटर कमी झालेला. टेम्पोत डावा पंख उन्हाच्या बाजूला होता, गडद फिल्म तापून सैल पडली होती. तिथेच एका ताईने पंख हाताने पिळून धरला, दुसरीने कॉलेजच्या खोलीतून वायर ओढून इस्त्री लावली, वरून आणि खालून. गार होईपर्यंत पंख सोडला नाही. पुन्हा मोजलं, बरोबर आलं.

पाचव्यांदा आधार सुटला तेव्हा नाक नुसतं वाकलं, टोकं सरळ राहिली. मग ती विमान सरळ उडवत आमच्यासमोरून घेऊन गेली आणि दोन्ही अंगठे दांड्यांवरून उचलून आम्हाला दाखवले. विमान आपलं आपण जात होतं.

आजोबा झाडाखालून उठून आले. त्यांनी वही मागून घेतली, विमानाची पानं उलटली, मग हप्त्यांची. "दोन राहिलेत," एवढं म्हणाले.

आता फोनवरचे बाकीचे प्रश्न. आमच्या मुलीला लगेच असं विमान द्यावं का? नको. आधी वर पंखाचं, थर्माकोलसारख्या फोमचं साधं विमान, तेही शिकवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून. लढाऊ विमान तिसरं किंवा चौथं. कॉलेजात एनसीसीचा हवाई विभाग आहे का ते विचारा, मुलींना त्यात घेतात.

विमानाने ज्वारीवरची पाखरं हाकलता येतील का, असं दोघींनी विचारलं. येतील, पण आमची बॅटरी सहा-सात मिनिटं चालते आणि पाखरं दिवसभर येतात. गोफण परवडते.

आणि विमान शिवायला घेता का, असं विचारणाऱ्या ताईंसाठी: कॉलेजच्या दुसऱ्या दोन मुलांनी पंखांना फिल्म लावायला आमच्याकडे दिले आहेत. मजुरी किती घ्यायची यावर बुधवारच्या बैठकीत बोलणं आहे. करडांचं बोलणाऱ्या काकूंनी एका पंखाचे दोनशे म्हणून लावून धरलंय.